चाचांनी न प्यायलेलं पाणी

चाचा दर महिन्याला आमच्या गावात यायचे, आणि इतक्या वर्षांत त्यांनी गावच्या पाण्याचा एक थेंबही तोंडाला लावला नाही. भर मे महिन्यात भिवंडीपासून जुनी मोपेड हाकत, धुळीनं भुवया पांढऱ्या करून माणूस दारात उभा राहतो, आपण तांब्या पुढे करतो आणि तो हात जोडून म्हणतो, "पाणी नको भाऊसाहेब. चहा असेल तर घेईन." हे पहिल्यांदा झालं तेव्हा मला राग आला. मी तिथला ग्रामसेवक. गावच्या पाण्याचा अपमान म्हणजे माझाच अपमान, असं समजण्याचं ते माझं वय होतं.

गावातल्या दोघातिघांनी तर भलताच अर्थ काढला. चाचा मुसलमान, गाव आमचं आगरी-कुणब्यांचं, वर डोंगराकडे आदिवासी पाडा. "आपल्या हातचं चालत नसेल त्याला," असं कोणीतरी पारावर बोललं. ते चाचांच्या कानावर गेलं. दुसऱ्या महिन्यात ते सरपंचांच्या घरी बसले, वहिनींनी दिलेले पोहे दोन बशा खाल्ले, तिसरी मागून घेतली, वर कपभर चहा प्यायले आणि पाण्याचा पेला मात्र बोटानं हळूच मागे सारला. म्हणाले, "वहिनी, पोहे वाफवलेत, चहा उकळलाय. तुमच्या हातावर माझा भरवसा आहे. भरवसा न्हाय तो तुमच्या बोअरवर." त्यानंतर पारावरची कुजबुज बंद झाली आणि थट्टा सुरू झाली. चाचांचा बारमाही रोजा चालू आहे, असं पोरं म्हणायची. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं चाचाच हसायचे.

मोठ्यानं हसायचे, मोठ्यानं बोलायचे. घराणं भिवंडीतलं, पिढ्यान् पिढ्या लूमवालं. लहानपण मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे एक कान जवळजवळ बंद होता. धाकटा भाऊ कारखाना सांभाळायचा, आणि हे थोरले पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुने गोळा करायच्या नोकरीला लागलेले. भावाला ते कधी पटलं नाही. एकदा काही कामानं मी त्यांच्याकडे गेलो, तर भाऊ माझ्यादेखत म्हणाला, "लोग कपडा बेचते हैं, हमारे भाईजान बाटलीत पाणी भरून त्याची पूजा करतात." चाचांनी कान पुढे केला, ऐकू आलं नाहीसं दाखवलं. तो त्यांचा चांगला कान होता, हे मला ठाऊक होतं.

नमुना घेताना मात्र तो मोठा आवाज एकदम गप्प व्हायचा. आधी हापशाचा दांडा चांगला पाच मिनिटं हापसायला लावायचे. मग तोटीचं तोंड पुसायचे, काडीला गुंडाळलेला स्पिरिटचा बोळा पेटवून ते तोंड आतून-बाहेरून शेकायचे. बाटलीचं झाकण दोन बोटांत असं धरायचे की त्याच्या आतल्या बाजूला वाऱ्यानंही हात लावू नये. एक बाटली बर्फाच्या डब्यात जायची, ती प्रयोगशाळेसाठी. दुसरी छोटी, तळाशी औषध असलेली. ती भरून, टॉवेलात गुंडाळून माझ्या कपाटात, पंचायतीच्या शिक्क्यांशेजारी ठेवायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात घाणीतले जंतू आहेत असं समजायचं. "लॅबचा कागद लोक वाचत न्हाईत," चाचा म्हणायचे, "काळी बाटली अंगठाबहाद्दर पण वाचतो." तेव्हापासून माझं कपाट उघडताना मला परीक्षेचा निकाल बघायला निघाल्यासारखं वाटायचं.

पाणी धोक्याचं निघालं की ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळतं आणि ग्रामसेवकाला तालुक्याला जाऊन मान खाली घालून उभं राहावं लागतं. मी ते टाळायला एक सोपी युक्ती काढली. चाचा यायच्या दिवशी सकाळीच शिपायाला सांगून बोअरमध्ये ब्लीचिंग पावडर ओतायची. यात आम्हाला काही गैर वाटत नव्हतं. पाहुणे यायचे म्हणून आपण घर झाडतो, चादर बदलतो, तसंच हे. पहिल्यांदाच केलं आणि शिपायानं उत्साहाच्या भरात पावडर पसाभर जास्तच ओतली.

चाचांनी तोटीखाली नळी धरली, त्यात औषधाचे थेंब टाकले. पाण्यात पावडर असली की ते पिवळं होतं. आमचं पिवळं झालं, मग केशरी झालं. चाचांनी नळी उन्हात धरून बराच वेळ बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊसाहेब, आज गावात लगीन आहे का? बोअरला हळद लावलीय." शिपाई खाली बघायला लागला. मला वाटलं, आता लेखी तक्रार होणार. चाचांनी बाटली न भरताच पिशवीत टाकली. "पुन्हा येईन. कधी ते सांगणार न्हाय," एवढंच म्हणाले आणि चहा मागितला. चहा पिताना मात्र हळू आवाजात बोलले, त्यामुळे ते माझ्या लक्षात राहिलं. "तुम्ही मला फसवत न्हाई. मी तर हे पाणी पीतच न्हाई."

ते वाक्य मला लागलं. त्यानंतर पावडर रोज, मोजून, वेळच्या वेळी पडायला लागली. पण मनात अढी राहिली, हेही खरं सांगतो. जो माणूस कायम बरोबर असतो त्याच्यावर प्रेम करणं अवघड जातं. चाचांची चूक एकदा तरी सापडावी, असं मला फार वाटायचं.

आणि ती माझ्या डोळ्यांसमोरच होती. चाचांच्या खांद्याला एक निळी बाटली असायची, स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची. ती ते घरून भरून आणत नसत. नमुन्यांचं काम आटपलं की मोपेड वरच्या पाड्यावर न्यायचे, तिथल्या हापशावर बाटली भरायचे आणि तिथंच उभ्यानं अर्धी रिकामी करायचे. तो हापसा त्यांच्या अम्मीच्या नावाचा. अम्मी गुडघे शेकायला अकलोलीच्या गरम कुंडांवर जायच्या. एका खेपेला रिक्षा पाड्याखाली बंद पडली. तिथल्या एका बाईनं त्यांना पाणी दिलं, ओढ्याच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं भरलेलं. अम्मी ते प्यायल्या, पण घरी येऊन दोन दिवस जेवल्या नाहीत. मरताना मुलांना सांगून गेल्या की त्या बायांना पाणी द्या, आणि मुक्या जनावरांनाही द्या. मुलांनी बोअर मारली. जनावरांसाठी हौद हवाच, हा हट्ट चाचांचा. म्हणून हापशाला अगदी खेटून सिमेंटचा ऐसपैस हौद बांधला, तोटीचं वाहून जाणारं पाणी थेट हौदात. हौदाच्या भिंतीत अम्मीच्या नावाची संगमरवरी पाटी. पाड्यावरची गुरं दुपारी तिथं गोळा व्हायची, आणि चाचा त्यांच्याकडे असं बघायचे की मला मध्ये बोलावंसं वाटायचं नाही.

बोअर दानातली, म्हणून पंचायतीच्या यादीत नव्हती. यादीत नाही, म्हणून नमुना नाही. आणि जगातल्या सगळ्या पाण्यावर संशय घेणाऱ्या माणसानं या एका पाण्याकडे कधी तशा नजरेनं बघितलं नव्हतं.

एका पावसाळ्यात पाड्यावरची पाच-सहा पोरं जुलाबांनी आडवी झाली. मंगळीच्या धाकट्या मुलीला तर सरकारी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. मंगळी म्हणजे पाड्यावरची खमकी बाई. नवरा भिवंडीजवळ पूर्णा गावच्या गोदामांत हमालीला जायचा, घर-शेत ही एकटी ओढायची. चाचा आले तेव्हा मी दवाखान्यातून नुकताच परतलो होतो, डोकं तापलेलं होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "गावची बाटली कुठली काळी झाली?" मी म्हणालो, "गावची एकही नाही. पण चाचा, तुमच्या खांद्यावरच्या बाटलीतलं पाणी तुम्ही कधी तपासलंय?"

मी ते काळजीनं विचारलं नव्हतं, खोचून विचारलं होतं. चाचांचा चेहरा बघितला आणि मला माझीच लाज वाटली. त्यांनी निळी बाटली खांद्यावरून काढली, पायरीवर ठेवली आणि मोपेड पाड्याकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या कपाटातली पाड्याच्या पाण्याची बाटली शाईसारखी काळी होती. चाचा म्हणाले, "माझा हात चुकला असेल." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पुन्हा नमुना घेतला, तोटी दोनदा शेकली. काळी. तिसरी बाटली त्यांनी माझ्या हातानं भरायला लावली, स्वतः दहा पावलं लांब उभे राहिले. तीही काळी. तेव्हा ते माझ्या खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, अम्मीच्या नावानं मी पोरांना काय पाजलं?"

उत्तराची वाट न बघता ते लगेच उठले. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे हापशाचा दांडा उतरवून मोपेडला बांधून माझ्या कार्यालयात आणून ठेवला. पाड्यावर भडका उडाला. बायकांना आता खालच्या विहिरीपर्यंत उतरावं लागणार, तेही चिखलातनं. मंगळी डोक्यावर हंडा घेऊन माझ्या दारात आली आणि चाचांना समोर बघून तिथंच सुरू झाली. "चाचा, पानी गोड हाय, गार हाय, काचेवानी साफ हाय. तुला त्याच्यात काय दिसला?"

"मला पण काय दिसलं न्हाय, मंगळी," चाचा म्हणाले. "साफ दिसणं ही पाण्याची आदतच आहे. म्हणून तर तुझी पोर दवाखान्यात गेली." आणि काळी बाटली तिच्या हातात दिली. तिनं झाकण उघडून वास घेतला, तोंड फिरवलं आणि हंडा उचलून विहिरीच्या वाटेला लागली. त्यानंतर ती दांड्याबद्दल बोलली नाही.

घाण येते कुठून, हे शोधायला चाचांनी जी युक्ती केली ती मी आजही नव्या ग्रामसेवकांना सांगतो. बाजारातून जिलेबीत घालतात तो केशरी रंग आणला आणि संध्याकाळी हौदात कालवला. सकाळी दांडा तेवढ्यापुरता बसवला आणि पाड्यावरच्या बाया आळीपाळीनं हापसायला लागल्या. पहिला तासभर पाणी पांढरंच. चाचांच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसायला लागली, तीही मला दिसली. मग मंगळीनं हापसता हापसता हात थांबवला आणि म्हणाली, "चाचा, बघ." पाण्याला हलकी केशरी झाक होती. हौदाच्या तळाला तडा गेला होता. गुरांच्या शेणामुताचं पाणी पाइपाच्या कडेकडेनं सरळ बोअरमध्ये उतरत होतं. जो हौद चाचांनी हट्टानं मागितला होता, तोच.

घण त्यांनी स्वतः उचलला. पाड्यावरचे दोन गडी पुढे झाले, त्यांना मागे केलं. मंगळी मध्ये आली. "आईच्या नावाचा हाय तो. फोडू नको, पाप लागंल."

"अम्मीनं पाणी द्यायला सांगितलं होतं," चाचा म्हणाले. "हौद माझ्या डोक्यातला." आधी पाटीभोवतीचं सिमेंट छिन्नीनं उकरून पाटी अलगद काढली, आपल्या रुमालात गुंडाळली, मग घण मारायला सुरुवात केली. पन्नाशी उलटलेला माणूस, घामानं निथळत होता, मधेमधे थांबून छातीवर हात ठेवत होता. त्या दिवसापासून मी त्यांच्या चुका शोधायचं सोडलं. चूक सगळ्यांची होते. स्वतःची चूक स्वतःच्या हातानं फोडणारा माणूस मी तेवढा एकच बघितला.

नवा हौद चाळीस पावलं खाली, उताराला बांधला. पाटी तिथं लावली. "अम्मीला जनावरांबरोबर बरं वाटेल," असं म्हणाले. हापशाभोवती खणून पाइपाची कड सिमेंटनं बंद केली, ओटा नवा केला, बोअरमध्ये पावडर सोडून दोन दिवस उपसा केला. मग बाटली. पहिली आठ दिवसांनी, साफ. दुसरी, साफ. पाड्यावर वाटलं की झालं आता, पण चाचा तिसरीसाठी अडून बसले. मंगळी वैतागून म्हणाली, "तुझ्या बाटलीपायी आमचं पाय गेलं." तिसरीही साफ निघाली तेव्हा चाचांनी दांडा बसवला, ओंजळ धरली आणि मंगळीला म्हणाले, "हापस." पाणी प्यायले, पुन्हा ओंजळ धरली, आणि मग ओले हात तोंडावर तसेच ठेवून उभे राहिले. आम्ही सगळे दुसरीकडे बघू लागलो.

पण आता अम्मीच्या पाण्यालाही सूट नव्हती. बोअर यादीत आली. आणि चाचांनी बाटली ठेवायचं काम मंगळीला शिकवलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण बोळा पेटवून तोटी शेकायला लागली की चाचांच्याही पुढे. एकदा मी सहज झाकणाला हात लावला, तर माझ्या हातावर चापट मारली. चाचा इतके खूश झाले की ती गोष्ट त्यांनी पुढे वर्षभर तालुक्यात सांगितली. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ लिहायलाही त्यांनीच तिला लावलं. पावसाळ्यात पोरं पुन्हा तशी आडवी झाली नाहीत. तिची धाकटी आता आश्रमशाळेत आहे.

चाचा निवृत्त झाले, पाठोपाठ मीही. ते अधूनमधून फोन करायचे आणि तब्येतीआधी बाटलीची चौकशी करायचे. मग छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. मी बघायला गेलो तेव्हा खाटेवर होते, तो मोठा आवाज पार खाली आलेला. भाऊ पेला घेऊन शेजारी बसला होता. चाचांनी पेला मागे सारला नाही, पण मला म्हणाले, "भाऊसाहेब, अम्मीचं पाणी प्यावंसं वाटतं. मंगळीला सांगाल?" मी लगेच फोन केला. तिसऱ्या दिवशी सकाळी भावाचा मला फोन आला.

माती देऊन लोक पांगत होते. मी कब्रस्तानाच्या फाटकाशी उभा होतो, तेव्हा रिक्षातून मंगळी उतरली. काखेत स्टीलची कळशी, तोंडाला धुतलेलं फडकं घट्ट बांधलेलं. घरी पोचल्यावर तिला समजलं होतं, तशीच ती इकडे आली होती. ती माझ्याजवळ आली आणि कमरेच्या पिशवीतून छोटी बाटली काढून माझ्यापुढे धरली. आत पाणी जसंच्या तसं होतं.

"तुमचा फोन आला तवाच निघणार होते," ती म्हणाली. "पन तसाच कसा आनू? त्यानं पेलाच नसता. बाटली ठेवली. दोन दीस थांबले. आज सकाळी बघितली, साफ हाय." मग तिचा धीर सुटला. "थांबले ते चुकले का, भाऊसाहेब?"

मी म्हणालो, "नाही मंगळी. तू तशीच आणली असतीस तर त्यांनी तुला परत पाठवलं असतं." हे तिच्या समाधानासाठी म्हटलं नव्हतं. खरंच पाठवलं असतं.

तेवढ्यात चाचांचा भाऊ बाहेर आला. मी सगळं सांगितलं. ज्या माणसानं जन्मभर बाटलीची चेष्टा केली, त्यानं ती बाटली हातात घेतली आणि कापडातला दोष शोधावा तशी उजेडात फिरवून फिरवून बघितली. चिठ्ठीवरची मंगळीची वाकडीतिकडी अक्षरं वाचली. ठिकाण: अम्मीचा हापसा. मग कळशी घेऊन तो आत गेला. ताज्या मातीवर डोक्याकडून पायांकडे त्यानं सावकाश पाणी शिंपडलेलं आम्हाला फाटकातून दिसलं.

परत आला तेव्हा त्याच्या दाढीला पाणी लागलं होतं. मंगळीनं कळशी घेत विचारलं, "सगळा दिला त्याला?"

"एक ओंजळ सोडून," तो म्हणाला. "ती मी प्यायलो. आधी बाटली बघितली होती."